पिल्लू उडत नाही, तेव्हा…

मडक्यातून बाहेर आलेले बजरीचे पिल्लू उडण्याऐवजी जमिनीवर पळू लागले, की घरात तर्कवितर्क सुरू होतात. कुणी कॅल्शियम सुचवते, कुणी तेल, कुणी ‘सोडून द्या’ म्हणते. खरे कारण कसे ओळखावे आणि काय करावे?

रायपूरच्या तात्यापारा भागातून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. दीड वर्षापूर्वी मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी ‘लव्हबर्ड’ची एक जोडी आणली. पिंजऱ्यात मडके टांगले. यथावकाश अंडी झाली, पाच पिल्ले निघाली. घरात आनंदीआनंद झाला. पिल्ले दाणे टिपू लागल्यावर मोठ्या तिघांपैकी दोन शेजारच्या काकूंच्या नातवाला दिली आणि एक भिलाईच्या जाऊबाईंकडे गेले. उरलेली दोन धाकटी पिल्ले मडक्यातून बाहेर आली तेव्हा अंगाने गुबगुबीत होती. पण आठवड्याभरात त्यांच्या पंखांची लांब पिसे गळाली, मग शेपटीही गेली. आता ती उडत नाहीत. पिंजऱ्याच्या तळाशी उंदरासारखी पळत राहतात.

पत्रात पुढे त्या लिहितात, ‘‘दुकानदार म्हणाला, ‘कमजोरी है, कैल्शियम पिलाओ.’ सासूबाई म्हणतात, पंखांना खोबरेल लावा. हे म्हणतात, बूढातालाबाच्या बागेत सोडून देऊ, निसर्ग सांभाळून घेईल. मुलगा मात्र रोज विचारतो, ‘आई, हे कधी उडतील?’ त्याला काय सांगू? आणि जी पिल्ले आम्ही दुसऱ्यांना दिली, त्यांचे काय?’’

पत्रातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याकडे आपण येऊच. पण आधी हे पिसांचे प्रकरण नीट समजून घेऊ.

हा पक्षी कोण?

आपल्याकडे बाजारात ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात, तो बहुतेक वेळा लव्हबर्ड नसतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे असतात. मडक्यात वीण घालणारा, लांब शेपटीचा, पाठीवर आणि पंखांवर लाटांसारख्या रेघा असलेला छोटा पोपट म्हणजे बजरीगर, बोलीत बजरी. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या कोरड्या माळरानांवर त्याचे हिरवे-पिवळे थवे आजही भटकतात. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० साली तो इंग्लंडमध्ये आणला आणि तिथून तो जगभरच्या घरांत पोहोचला. निळा, पांढरा, पिवळा हे रंग माणसाने पाळून, निवडून तयार केलेले आहेत.

डॉक्टरांकडे जाताना ‘बजरी’ असेच सांगा. लव्हबर्ड आणि बजरी यांचे आजार सगळेच सारखे नसतात.

आणखी एक गोष्ट. आपला कंठवाला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरात पाळता येत नाही. बजरी परदेशी असल्यामुळे तिला ती बंदी नाही. काही परदेशी प्राणी-पक्ष्यांची नोंदणी आता करावी लागते, पण त्या आंतरराष्ट्रीय यादीत बजरी नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे न्यायला कुणी घाबरू नये.

पिसे कशी वाढतात?

बजरीची मादी साधारण एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. अंडे सुमारे १८ दिवस उबवले जाते. अंडी पाठोपाठ घातलेली असल्यामुळे पिल्लेही पाठोपाठ निघतात. पाच पिल्लांत थोरल्या-धाकट्याचे अंतर आठवड्याहून जास्त असू शकते. पिल्लू जन्मते तेव्हा उघडे आणि आंधळे असते. मग मऊ लव येते, पाठोपाठ काट्यांसारखी कोवळी पिसे फुटतात. तीन आठवड्यांत अंग बरेचसे झाकले जाते आणि ३० ते ३५ दिवसांत पिल्लू मडक्याबाहेर येते.

कोवळे पीस एका पातळ वेष्टणात गुंडाळलेले असते आणि त्याच्या देठातून रक्त वाहत असते. पीस पूर्ण वाढले की रक्त आटते, देठ पांढरा आणि पोकळ होतो, वेष्टण भुसा होऊन गळते. पीस म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिन. आपल्या नखांसारखेच. म्हणूनच दुकानदाराचे कॅल्शियम इथे उपयोगी पडत नाही. अंड्याचे कवच आणि हाडे यांना कॅल्शियम लागते, पिसांना प्रथिन लागते.

प्रत्येक पंखावर उड्डाणाची दहा मुख्य पिसे आणि शेपटीत बारा पिसे असतात. नेमकी हीच पिसे अकाली गळाली, तर पिल्लू पळू शकते, पण उडू शकत नाही. इंग्रजी पक्षीपालक अशा पिल्लांना ‘रनर’ म्हणजे ‘पळणारे’ म्हणतात. आपल्या भगिनींनी लिहिलेली उंदराची उपमा अगदी बरोबर आहे.

घरच्या घरी काय पाहावे?

पिसे गळण्याची कारणे अनेक आहेत. काही अगदी निरुपद्रवी, काही गंभीर. डॉक्टरांकडे जाण्याआधी चार गोष्टी नीट पाहून वहीत लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, वय. पिल्लू तीन-चार महिन्यांचे असेल आणि अंगभर थोडी थोडी पिसे गळून डोक्यावर काटे फुटत असतील, तर ती पहिली नैसर्गिक पीसगळ आहे. कपाळावरच्या काळ्या रेघा याच वेळी मागे सरकतात. त्यात काळजीचे कारण नाही. पण पाच-सहा आठवड्यांचे, नुकतेच मडक्याबाहेर आलेले पिल्लू लांब पिसे गाळत असेल, तर ते नैसर्गिक नव्हे.

दुसरी गोष्ट, जागा. मान आणि पाठ उघडी, पण पंख-शेपटी शाबूत असेल, तर बहुधा आई किंवा बाप पिल्लाची पिसे उपटत आहे. मादीला पुढच्या विणीची घाई झाली, की असे घडते. पिल्लू दाणे खाऊ लागताच वेगळे केले, तर काही आठवड्यांत पाठ पुन्हा भरते. फक्त शेपटी गेली असेल, तर रात्री घाबरून झालेली धडपड किंवा मांजराचा पंजा हे कारण असू शकते. मात्र दोन्ही पंखांची लांब पिसे आणि शेपटी अशी सारख्या प्रमाणात गेली असतील, तर संशय रोगाचा घ्यावा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, गळलेले पीस. ते उजेडात धरून देठाचे टोक पाहा. निरोगी गळलेल्या पिसाचा देठ पांढरा, कोरडा, स्वच्छ असतो. देठात वाळलेले काळपट रक्त दिसत असेल, देठ मध्येच आवळल्यासारखा बारीक झाला असेल किंवा पीस अर्धे वाढून मोडले असेल, तर वाढ चालू असतानाच काहीतरी बिघडले आहे. अशी पाच-सहा पिसे स्वच्छ कागदी पाकिटात जपून ठेवा. डॉक्टरांना उपयोगी पडतील.

चौथी गोष्ट, एकंदर तब्येत. पिल्लू खाते का, विष्ठा कशी आहे, वजन टिकून आहे का? स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर छोटी वाटी ठेवून वजन करता येते. बजरीचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम, मोठ्या जातीच्या पक्ष्याचे त्याहून जास्त. आठवड्यातून दोनदा, सकाळी एकाच वेळी वजन करा. दहावा हिस्सा वजन घटले, तर थांबू नका.

याशिवाय दोन वेगळी चित्रे लक्षात ठेवावीत. चोचीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती किंवा पायांवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे असलेली पांढुरकी खपली दिसली, तर तो सूक्ष्म किडीचा म्हणजे माइटचा त्रास आहे. तो डॉक्टरांनी योग्य मात्रेत दिलेल्या औषधाने बरा होतो. दुसरे चित्र क्वचित दिसते. पिल्लाची पिसे गळत नाहीत, उलट थांबतच नाहीत. लांब, कुरळी, केसांसारखी वाढत राहतात आणि पक्षी झटकणीसारखा दिसतो. पक्षीपालक त्याला ‘फेदर डस्टर’ म्हणतात. हा दोष जन्मजात, आनुवंशिक मानला जातो. त्याला इलाज नाही. अशी पिल्ले फार काळ जगत नाहीत. डोळ्यांवरची पिसे कातरून त्याला खाता येईल असे करणे आणि त्या आईबापांची जोडी पुन्हा न लावणे, एवढेच आपल्या हाती असते.

फ्रेंच मोल्ट म्हणजे काय?

पत्रातल्या दोन पिल्लांचे वर्णन ज्या आजाराशी सर्वांत जास्त जुळते, त्याचे नाव ‘फ्रेंच मोल्ट’. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बजरींची मोठमोठी पैदास केंद्रे होती. तिथल्या पिल्लांत हा विकार दिसला आणि नाव चिकटले. पुढे कित्येक वर्षे लोकांनी त्याचा दोष आहाराला, दमट हवेला, दाटीला आणि दमलेल्या आईबापांना दिला. ही कारणे अगदी खोटी नव्हती, कारण दाटी आणि निकृष्ट आहारात आजार बळावतो. पण मूळ वेगळे निघाले.

१९८१ साली बजरीच्या पिल्लांमध्ये एक विषाणू सापडल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. तो पॉलिओमा विषाणू. लहान मुलांच्या पोलिओशी त्याचा काही संबंध नाही, नुसते नाव सारखे वाटते. आणखी तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पोपटवर्गातल्या चोच आणि पिसांच्या एका रोगाचे वर्णन केले. त्याचा विषाणू वेगळा, सर्को गटातला. बजरीच्या पिल्लांत या दोन्हींपैकी कोणत्याही एकाने, किंवा दोघांनी मिळून, फ्रेंच मोल्ट होऊ शकतो. वरून पाहून कोणता विषाणू आहे, हे खात्रीने सांगता येत नाही.

पॉलिओमा अगदी लहान वयात लागला, तर १०-१५ दिवसांची पिल्ले अचानक मरतात. पोट फुगलेले, त्वचेखाली रक्त साकळलेले, अंगावर लव कमी, मान थरथरणारी, अशी चिन्हे दिसतात. थोड्या मोठ्या वयात लागला, तर पिल्लू जगते, पण पिसे बिघडतात. मोठ्या पक्ष्यात बहुधा काहीच दिसत नाही. आईबाप दिसायला ठणठणीत असतात, आणि त्यांच्या पिसांच्या भुशातून, विष्ठेतून, पिल्लाला भरवलेल्या घासातून विषाणू पुढे जात राहतो. म्हणूनच ‘आमची जोडी तर चांगली आहे’ हा निर्वाळा पुरेसा नाही.

आता घरच्यांना दिलासा. हे दोन्ही विषाणू माणसाला बाधत नाहीत. तुमचा मुलगा पिल्लू हातात घेऊ शकतो. फक्त नंतर साबणाने हात धुवावेत, आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी पिसांच्या भुशापासून दूर राहावे. पोपटांपासून माणसाला होणारा ताप हा निराळा, जिवाणूचा आजार आहे. पक्षी पिसे फुगवून बसला असेल, नाक-डोळे वाहत असतील, विष्ठा हिरवीगार असेल आणि त्याच वेळी घरात कुणाला ताप-खोकला आला, तर घरात पक्षी आहे हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.

निदान कसे होते?

करोनाच्या काळात आपल्या सर्वांच्या तोंडी ‘पीसीआर’ हा शब्द बसला. पक्ष्यांचे हे विषाणूही त्याच प्रकारच्या तपासणीने ओळखता येतात. डॉक्टर कोवळी, देठात रक्त असलेली दोन-चार पिसे, रक्ताचा थेंब किंवा विष्ठामार्गातून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पाठवतात. पिसांवरून नर-मादी ओळखून देणाऱ्या काही खासगी प्रयोगशाळा हीही तपासणी करतात. आधी विचारून घ्या आणि दोन्ही विषाणूंची तपासणी एकदम करून घ्या. कोवळे पीस घरी उपटू नका. रक्त थांबवणे कठीण जाते. ते काम डॉक्टरांचे.

एखादे पिल्लू दगावले असेल, तर दुःख बाजूला ठेवून ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये थंड ठेवा. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि तपासणी नीट होत नाही. शवविच्छेदनातून जे कळते, त्याने उरलेले पक्षी वाचू शकतात.

रायपूरमध्ये जनावरांचे सरकारी आणि खासगी दवाखाने आहेत, पण सगळेच डॉक्टर पक्षी हाताळतात असे नाही. आधी विचारा. दुर्गजवळ अंजोरा येथे छत्तीसगडचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय तर १९५८ पासून चालू आहे. पिल्लू नेताना पिंजऱ्याऐवजी भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाशी जुना टॉवेल अंथरा. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा भर दुपारी पक्षी घेऊन निघू नका.

उपचार काय?

स्पष्टच सांगायचे, तर या दोन्ही विषाणूंना मारणारे खात्रीचे औषध नाही. ‘आठ दिवसांत पिसे’ असे सांगून कुणी थेंब विकत असेल, तर पैसे वाचवा. कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानातून आणलेली प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, उलट पिल्लाचे पोट बिघडवतात. जीवनसत्त्वाचे थेंबही मनाने वाढवू नका. ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे जास्त झाली, तर तीही घातक ठरतात.

खोबरेलाचा आग्रहही प्रेमाने मोडायला हवा. तेलाने पिसे चिकटतात, अंगाची ऊब जाते आणि पक्षी चोचीने पिसे साफ करताना ते तेल पोटात घेतो. सासूबाईंना सांगा, ‘‘आई, माणसाच्या केसांना तेल चालते, पण पाखराच्या पिसांना नाही चालत.’’

मग हाती काय उरते? शुश्रूषा. आणि ती कमी महत्त्वाची नाही.

पिल्लाला बुटका, पसरट पिंजरा द्या. दांड्या जमिनीपासून चार-पाच इंचांवरच लावा. तळाशी जुना टॉवेल किंवा कागद अंथरा, म्हणजे पडले तरी मार बसणार नाही. दाणा-पाणी उथळ वाटीत खालीच ठेवा. पिसे कमी म्हणजे ऊब कमी. डिसेंबर-जानेवारीत रात्री पिंजऱ्याची एक बाजू झाका आणि वाऱ्यापासून दूर ठेवा. पिल्लू फुगून बसत असेल, तर पिंजऱ्याच्या एका टोकाला बाहेरून ऊब मिळेल अशी सोय करा. दुसरे टोक थंड राहू द्या, म्हणजे त्याला हवे तिथे ते सरकेल.

कोवळे पीस मोडून रक्त येऊ लागले, तर त्या जागी कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा दाबून हलक्या हाताने दोन-तीन मिनिटे धरा. छाती मात्र दाबू नका, पक्ष्याचा श्वास अडतो. रक्त थांबले नाही, तर ताबडतोब दवाखाना गाठा. एवढ्याशा जिवात रक्त ते किती असणार!

आहारात प्रथिन आणि हिरवे

आपल्याकडे बजरीला बहुतेक ठिकाणी फक्त राळे, म्हणजे हिंदीतली कंगनी, घातली जाते. नुसत्या दाण्यावर वाढलेल्या पक्ष्याला ‘अ’ जीवनसत्त्व, आयोडीन आणि पिसांना लागणारी काही प्रथिनघटक अमिनो आम्ले कमी पडतात. आयोडीनच्या अभावी बजरीला चक्क गलगंड होतो. आहाराने विषाणू जात नाही, पण पुढची पिसे भरण्यासाठी लागणारा माल तिथूनच येतो.

राळे भिजवून मोड आणून द्या. उकडलेल्या अंड्याचा लहान तुकडा आठवड्यातून दोन-तीनदा कुस्करून द्या आणि दोन तासांनी उरलेला काढून टाका. उन्हाळ्यात तर नक्कीच. रायपूरच्या बाजारात हिरव्या भाजीला काय तोटा? मुनग्याचा पाला, लाल भाजी, मेथी, कोथिंबीर यांपैकी रोज काहीतरी स्वच्छ धुऊन द्यावे. किसलेले गाजरही आवडते. पिंजऱ्यात समुद्रफेन टांगावे. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, मीठ लावलेले पदार्थ कधीही देऊ नयेत.

कोदो-कुटकी छत्तीसगडची. बजरीला ती चालते, पण दाणा कोरडा, ताजा आणि वासरहित हवा. ओल लागलेल्या कोद्यावर बुरशी वाढून विष तयार होऊ शकते. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस शेजारच्या मध्य प्रदेशात, बांधवगडमध्ये १० हत्ती दगावले, तेव्हा तपासणीत कोद्याच्या बुरशीचे असेच विष आढळले होते. हत्तीची ही गत, तर ३५ ग्रॅमच्या पाखराची काय कथा? पावसाळ्यात थोडाच दाणा आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मडके फोडा

आता ज्या गोष्टीने सर्वांत जास्त फरक पडतो, ती. नवी वीण थांबवा. मडके काढले, की बहुतेक जोड्या अंडी घालायचे थांबतात. पिल्लांत आजार दिसल्यानंतर निदान सहा महिने विणीचे नावच काढू नये. सर्को विषाणू निघाला, तर त्या जोडीची वीण कायमची बंद ठेवणेच बरे. मोठ्या पक्ष्याची सर्को तपासणी सदोष आली, पण तो दिसायला निरोगी असेल, तर सुमारे ९० दिवसांनी पुन्हा करावी. काही पक्षी विषाणूवर मात करतात.

जुने मडके धुऊन पुन्हा वापरू नका. माती सच्छिद्र असते. विष्ठा, पिसांचा भुसा तिच्यात मुरतो आणि कितीही घासले तरी निघत नाही. दहा-वीस रुपयांचा मोह नको, मडके फोडून टाका. लाकडी दांड्याही बदला. लोखंडी पिंजरा आधी साबणाने घासा, मग एका भागाला तीस भाग पाणी घालून पातळ केलेल्या घरगुती ब्लीचने पुसा, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. हे काम पक्ष्यांपासून दूर, अंगणात किंवा गच्चीवर करा. ब्लीचचा वास त्यांना सोसत नाही.

नवा पक्षी आणलात, तर किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा. आधी निरोगी पक्ष्यांचे दाणा-पाणी करा, मग आजाऱ्यांचे. हा क्रम पाळला, तरी बराच प्रसार थांबतो.

सोडून दिले तर?

घरच्यांचा हा विचार कळवळ्यातून आलेला आहे, यात शंका नाही. पण न उडणारे पिल्लू बागेत सोडणे म्हणजे ते कावळ्या-मांजराच्या पुढ्यात ठेवणे आहे. अगदी उडणारी बजरीसुद्धा आपल्या हवेत, आपल्या रानात वाढलेली नसते. तिला अन्न शोधता येत नाही. शिवाय तिच्याबरोबर तिचा विषाणूही बाहेर जातो, आणि आपले कंठवाले पोपट त्याच बागांतल्या झाडांवर बसतात. पिंजऱ्यात जन्मलेल्या जिवाची जबाबदारी पिंजरा उघडून संपत नाही.

आणि जी पिल्ले दिली, त्यांचे काय?

आता तो शेवटचा प्रश्न. ताई, तुम्ही तो विचारलात, यातच अर्धे उत्तर आले. शेजारच्या काकूंना आणि जाऊबाईंना आजच सांगा. संकोच वाटेल. ‘आजारी पिल्ले दिली’ असा गैरसमज होईल, अशी भीती वाटेल. पण तुम्ही दिली तेव्हा ती चांगली होती आणि तुम्हाला ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले आहे.

काय सांगायचे, तेही सोपे आहे. ‘‘काकू, आमच्या धाकट्या दोन पिल्लांची पिसे गळाली आहेत. पिल्लांना होणारा विषाणूचा आजार असू शकतो. माणसांना धोका नाही. पण तुमच्या दोघांवर लक्ष ठेवा, आणि घरात आणखी पक्षी असतील तर सहा महिने एकत्र करू नका, मडके लावू नका.’’ एवढे पुरे. त्यांच्याकडे दुसरे पक्षी नसतील, तर काळजीचे फारसे कारण नाही. थोरल्या पिल्लांना कदाचित कधीच काही होणार नाही. पण जाऊबाईंकडे आधीपासून एखादी वीण घालणारी जोडी असेल, तर तुमच्या एका फोनने पुढची सगळी पिल्ले वाचू शकतात. बाजारातून जोडी घेतली, त्या दुकानदारालाही सांगा. ऐकेल न ऐकेल, पण सांगितले पाहिजे.

याच कारणाने, ही दोन पिल्ले बरी झाल्यासारखी दिसली, तरी तपासणीशिवाय कुणाला देऊ नका आणि विकू तर मुळीच नका. पिसे परत आली, म्हणजे विषाणू गेला असे नव्हे.

मुलाला काय सांगावे?

खरे तेच. पॉलिओमा असेल, तर अशी बरीच पिल्ले काही महिन्यांत, पुढच्या पीसगळीनंतर, नवी पिसे धरतात आणि उडू लागतात. काहींची एखाद-दोन पिसे कायम वाकडी राहतात. सर्को असेल, तर पिसे येऊन पुन्हा गळू शकतात, प्रतिकारशक्ती खालावते आणि पिल्लू हळूहळू अशक्त होऊ शकते. बजरींमध्ये त्यातूनही काही सावरतात. कोणते होईल, हे तपासणी आणि वेळच सांगेल.

न उडणारी बजरी दुःखी असतेच असे नाही. ती खाते, आंघोळ करते, जोडीदाराच्या डोक्याची पिसे साफ करते, शीळ घालते. तिला उंच दांडीपर्यंत नेणारी छोटी शिडी करून द्या. बांबूच्या काड्या आणि सुतळी घेऊन हे काम तुमचा मुलगाच करू शकेल. वजनाची वहीही त्यालाच द्या. दर रविवारी आणि बुधवारी सकाळी वजन, नवे पीस कुठे फुटले, शेपटीची लांबी किती, हे त्याने लिहावे. ‘कधी उडतील?’ या त्याच्या प्रश्नाला आज नेमके उत्तर नाही. पण पिसे भरत आहेत की गळत आहेत, हे सर्वांत आधी त्यालाच कळेल.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. पिल्लू खात नसेल, डोळे मिटून फुगून बसत असेल, श्वास घेताना शेपटी वर-खाली हलत असेल, किंवा रक्त येत असेल, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पाखरे आजार लपवतात. दिसू लागतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

दोन्ही पिल्लांची आणि दिलेल्या तिघांची खबर जरूर कळवा.